थोर मुलांची शाळा

सेंट क्लेयो अकॅडमीच्या हजेरीपटावर नेपोलियन आहे, मोझार्ट आहे, सिग्मंड फ्रॉइड आहे, इंग्लंडची पहिली एलिझाबेथ आहे, जोन ऑफ आर्क आहे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आहे, रास्पुतिन आहे, जपानचा इक्क्यू नावाचा झेन भिक्षू आहे आणि अडॉल्फ हिटलरही आहे. सगळे शाळकरी वयाचे, सगळ्यांच्या अंगावर गणवेश. ही नावं एका दमात पुकारताना वर्गशिक्षकाचा आवाज कापत कसा नाही, हा मला पडलेला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पालकसभेचा. सभेला येणार कोण? या मुलांना आईबाप नाहीतच. ही सगळी क्लोन आहेत. इतिहासातल्या त्या त्या माणसाच्या पेशीवरून प्रयोगशाळेत काढलेल्या प्रती. ‘तुमचा नेपोलियन गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसतो’ अशी तक्रार करायची तर पॅरिसला जाऊन, सोन्याच्या घुमटाखालच्या त्या भल्यामोठ्या थडग्यापुढे उभं राहून करावी लागेल.

शाळा अर्थातच कागदावरची आहे. कुमिको सुएकाने या जपानी चित्रकथाकार बाईंनी २००८ ते २०१४ या काळात ‘इक्की’ नावाच्या मासिकातून ही मांगा क्रमशः काढली आणि तिचे बारा खंड झाले. जपानीत ‘होउकागो नो करिस्मा’, इंग्रजी अनुवादात ‘आफ्टरस्कूल करिस्मा’. गोष्ट सुरू होते ती शिरो कामिया नावाच्या मुलापासून. त्याचे वडील याच शाळेत संशोधक आणि प्राध्यापक. शिरो इथे नव्याने दाखल झालाय, आणि क्लोन नसलेला विद्यार्थी म्हणून अख्ख्या शाळेत तो एकटाच. भोवती सगळे थोर, आणि मधे हा एक तुमच्याआमच्यासारखा. पुढे गोष्ट कुठे कुठे वळते ते मी सांगणार नाही, कारण ती बरीच वळते आणि शेवटी शेवटी तर घाटातल्या एसटीसारखी वळते.

पण सुरुवातीचा एक प्रसंग सांगायलाच हवा. या शाळेतून शिकून बाहेर पडलेला पहिला विद्यार्थी म्हणजे जॉन केनेडी. तो राजकारणात उतरतो. शाळेला कोण अभिमान! आणि मूळ केनेडीसारखीच त्याचीही गोळी घालून हत्या होते. झालं. त्या क्षणापासून वर्गातलं प्रत्येक पोर मनातल्या मनात आपापल्या धड्याचं शेवटचं पान उघडून बघायला लागतं. तुमच्या-माझ्या मुलांना इतिहासाचं पुस्तक फार तर सहामाहीपुरतं छळतं. जोनच्या पुस्तकात मात्र लिहिलेलं असतं, की १४३१ साली, एकोणीस वर्षांची असताना, रूआंच्या चौकात तिला जिवंत जाळलं. हे वाचून तिने खाली दिलेल्या प्रश्नांची एका वाक्यात उत्तरं लिहायची!

मांगा मला दिली ती भाचीने. कॉलेजातली मुलगी, तिच्या खोलीत पाठ्यपुस्तकांपेक्षा मांगांची चळत उंच. “मामा, तुला इतिहास फार आवडतो ना, मग हे वाच, आणि मागच्या बाजूने सुरुवात कर,” एवढंच म्हणाली. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचत जायचं असतं. दहा पानांत सवय होते.

जपानी मांगावाल्यांना इतिहासपुराणातली माणसं उचलून भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवायची जुनी खोड आहे. हिकारू नाकामुरांच्या ‘सेंट यंग मेन’मध्ये गौतम बुद्ध आणि येशू ख्रिस्त सुट्टी काढून टोकियोजवळच्या ताचिकावा गावात एक खोली भाड्याने घेतात आणि दोघं मिळून काटकसरीने संसार करतात. फुमी योशिनागांच्या ‘ओओकू’मध्ये साथीच्या रोगाने जपानातले बहुतेक पुरुष दगावतात आणि शोगुनांच्या गादीवर बायका बसतात. मांगाचे भीष्माचार्य ओसामू तेझुका यांनी तर १९८० सालीच ‘फिनिक्स’ या महामालिकेच्या एका भागात क्लोनचा विषय घेतला होता. त्यात एक टीव्हीवाला असतो. क्लोन केलेल्या माणसांची शिकार दाखवणारा कार्यक्रम काढावा, म्हणजे प्रेक्षक वाढतील, असं त्याच्या मनात येतं, आणि शेवटी प्रती निघतात त्या त्याच्याच. डॉली ही क्लोन मेंढी जन्मायला तेव्हा अजून सोळा वर्षं होती. आणि प्रेक्षक वाढवायला टीव्हीवाले काय काय करतील हे जगाला कळायलाही.

“आपल्याकडे असं कुणी काढलं तर?” भाचीने विचारलं. मी म्हटलं, पहिल्या पानाआधी वकील गाठावा लागेल. आपल्याकडे थोर माणूस एकदा चौकात घोड्यावर बसला की बसला. उतरून कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायचीही त्याला परवानगी नाही. वर्षातून दोनदा हार घालून घ्यायचा, मधल्या काळात कबुतरं सोसायची, आणि बोटाने कुठेतरी लांब दाखवत राहायचं.

तर या शाळेतल्या मुलांचा एक देव आहे. खरं तर देवी. ‘ऑलमाइटी डॉली’. तिची मेंढीच्या आकाराची ताईतवजा बाहुली मुलं जवळ बाळगतात आणि संकटात तिचा धावा करतात. हे वाचून मी प्रथम हसलो. मग खऱ्या डॉलीची हकीकत आठवत गेलो, तसतसं वाटू लागलं की पोरांनी देव अगदी पारखून निवडलाय.

खरी डॉली ५ जुलै १९९६ ला जन्मली, स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये. फिन डॉर्सेट जातीच्या सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकून ती पेशी तिथे नेऊन विजेच्या झटक्याने जुळवली. तयार झालेला गर्भ तिसऱ्याच, काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटात वाढवला. काळ्या तोंडाच्या आईला गोरं कोकरू झालं, तेव्हाच शास्त्रज्ञांना कळलं की जमलं. पेशी कासेतली, म्हणून डॉली पार्टन या गायिकेवरून नाव ठेवलं. शास्त्रज्ञ कितीही मोठे झाले तरी त्यांचे विनोद होस्टेलातच राहतात. अशी एकूण २७७ बीजांडं जुळवली होती. त्यांतून २९ गर्भ पुढे गेले. जिवंत कोकरू झालं ते एक. माणसाचं क्लोनिंग व्हावं की होऊ नये या वादात तत्त्वज्ञान पुष्कळ ऐकायला मिळतं, पण मला वाटतं हा २७७ चा आकडा एकटाच पुरेसा आहे. मेंढीच्या बाबतीत त्याला प्रयोग म्हणता येतं. बाईच्या आणि बाळाच्या बाबतीत त्याला काय म्हणायचं?

पण देवीपणाचं कारण निराळंच. जिच्यावरून डॉली काढली ती मूळ मेंढी त्याआधीच मेलेली होती. तिच्या पेशी तेवढ्या गोठवून ठेवल्या होत्या. तिला नाव नव्हतं. तिचा पराक्रम कुणाला ठाऊक नव्हता. त्यामुळे ‘तुझ्या वयाची असताना ती काय काय करायची, बघ!’ असं डॉलीला उभ्या आयुष्यात कुणी ऐकवलं नाही. तिने गवत खाल्लं, छायाचित्रकारांपुढे उभी राहिली, डेव्हिड नावाच्या मेंढ्याशी तिचं जमलं, तिला सहा कोकरं झाली आणि १४ फेब्रुवारी २००३ ला फुप्फुसाच्या आजारात तिला शेवटची सुई द्यावी लागली. आता एडिनबरोच्या संग्रहालयात काचेआड उभी आहे. क्लोन असून जिला कुणासारखं व्हायचं नव्हतं, अशी ती एकटी. सेंट क्लेयोतल्या मुलांनी दुसऱ्या कुणाची पूजा करायची?

या मांगातली माझी सगळ्यात आवडती मुलगी मेरी क्युरी. तिला विज्ञान नको आहे. तिला पियानो वाजवायचाय. शाळा रेडियमकडे बोट दाखवते आणि ही पोरगी सुरांकडे ओढली जाते. शिरोला तिची दया येते, तो वडिलांकडे शब्द टाकतो, आणि मग एके दिवशी मेरी वर्गात दिसत नाही. तिची दुसऱ्या शाळेत बदली झाली, असं सांगण्यात येतं. ज्या सुरात सांगण्यात येतं, तो सूर कचेरीतल्या माणसांना ओळखीचा असेल.

आता गंमत बघा. खऱ्या मेरी क्युरीला दोन मुली. थोरली इरेन, १८९७ ची. धाकटी एव्ह, १९०४ ची. इरेन आईच्या पावलावर पाऊल टाकून प्रयोगशाळेत गेली आणि १९३५ साली नवऱ्याच्या बरोबरीने रसायनशास्त्राचं नोबेल घेऊन आली. आईची दोन, वडिलांचं एक, मुलीचं एक, जावयाचं एक. घरात पाच नोबेल, आणि त्या घरात एव्हने काय करावं? तिने पियानो धरला. १९२५ मध्ये पॅरिसला तिचा जाहीर कार्यक्रम झाला. पुढे ती लेखणीकडे वळली आणि १९३७ साली तिने आईचं चरित्र लिहिलं, जे वाचून जगभरातल्या कितीतरी मुलींनी विज्ञान शाखेला नाव घातलं. म्हणजे सेंट क्लेयोच्या व्यवस्थापनाला जी मेरी क्युरी बिघडलेली वाटते, ती खुद्द मेरी क्युरीच्या घरात, तिच्याच पोटी जन्माला येऊन, तिच्याच टेबलावर जेवत होती.

आणि तिच्या आईने तिला दुसऱ्या शाळेत पाठवलं नाही.

यातला हिशेब मला भाचीपुढे मांडायचा मोह आवरला नाही. मेरी १९३४ साली गेली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, रक्ताच्या दुखण्याने; वर्षानुवर्षं किरणोत्सर्गात काम केल्याचा तो परिणाम. तिच्या वह्या आजही पॅरिसला शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. इरेनही रक्ताच्याच कर्करोगाने १९५६ मध्ये गेली, साठीही न गाठता. पियानोवाली एव्ह २००७ मध्ये न्यूयॉर्कला वारली तेव्हा एकशे दोन वर्षांची होती. पियानोने करिअर होत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की पियानोने रक्तही बिघडत नाही.

क्लोन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि पांढऱ्या कोटातली माणसं येतात. कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे खरं म्हणजे हापूस यायला हवा. कोय रुजवून आईसारखा आंबा मिळेलच याची खात्री नसते, म्हणून कलम बांधतात. पावसाळ्यात कोय रुजून आलेलं, तांबूस पानांचं, अजून हात लावला तर मोडेल असं दोन आठवड्यांचं रोप घ्यायचं. शेंडा उडवायचा. उरलेल्या दांड्याला मधोमध चीर द्यायची. चांगल्या फळत्या झाडाची काडी आणून तिचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासायचं, चिरेत बसवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. कोय कलम बांधणाऱ्या बायांचे हात हे काम बोलता बोलता करतात. घरच्या सुनेबद्दलचं वाक्य संपेपर्यंत तीन कलमं होतात. काडी धरली की वर जे झाड वाढतं ती त्या मूळ झाडाची शुद्ध प्रत. म्हणजे कलमी हापूसची अख्खी बाग ही क्लोनांचीच वस्ती. आणि नाव? तेही इतिहासातल्या माणसाचंच. १५१० साली गोवा घेणारा अफोन्सो द अल्बुकर्क. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमांचा नाद लावला आणि त्या सेनापतीचं नाव एका फळाला चिकटलं. अल्बुकर्कने समुद्रावर काय काय केलं ते आता इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारावं लागतं. अफोन्सोचा हापूस झाला आणि दर एप्रिलमध्ये त्याचा भाव मात्र घराघरात विचारला जातो.

पण याच हापूसची काडी कातळावर देवगडला लावा, रत्नागिरीला लावा, नाहीतर घाट ओलांडून भलतीकडे लावा. प्रत तीच, आणि आंबा तो नव्हे. देवगडवाला आणि रत्नागिरीवाला एका बाकावर बसवून हा विषय काढून बघा, म्हणजे गुणसूत्रं आणि परिस्थिती यांचा वाद कुठल्याही विद्यापीठापेक्षा जोरात ऐकायला मिळेल.

जपान्यांना हे निराळं सांगायला नको. त्यांचा वसंत ऋतूच मुळी क्लोन आहे. सोमेइ योशिनो ही त्यांच्या चेरीची सगळ्यांत जास्त लावलेली जात. एडो काळाच्या अखेरीस, आजच्या टोकियोतल्या सोमेइ गावच्या माळ्यांनी ती पसरवली. ही झाडंही कलमांनीच वाढवलेली, सगळी एकाच झाडाच्या प्रती. म्हणूनच एका गावातली सगळी चेरी एकदम फुलते आणि एकदम झडते. टोकियोत फुलोऱ्याची अधिकृत घोषणा करायला यासुकुनी देवळातलं एक झाड नेमून दिलेलं आहे. मार्चमध्ये हवामान खात्याचा माणूस व्यवस्थित सूट घालून तिथे येतो, मान वर करून फांद्या निरखतो, फुलं मोजतो. मागे टीव्हीचे कॅमेरे श्वास रोखून उभे. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की घोषणा: फुलोरा सुरू! तीनच निघाली तर सगळे परत. उद्या पुन्हा सूट, पुन्हा मान वर. त्या झाडावर काय दडपण येत असेल! पण झाड बिचारं झाड आहे. त्याच्या जागी एक पंधरा वर्षांचा मोझार्ट उभा करा, आणि खाली मान वर करून उभे असलेले शिक्षक.

नेपोलियनचं तर आणखी अवघड आहे. त्याचा जन्म १७६९ चा, कॉर्सिका बेटावरचा. जिनोआने ते बेट फ्रान्सच्या हवाली केलं आदल्याच वर्षी. म्हणजे पोरगं थोडक्यात फ्रेंच झालं. पुढे लष्करी शाळेत त्याच्या उच्चारांवरून मुलं त्याला चिडवायची. ते चिडवणं, मग १७८९ ची क्रांती, मग राजाचं उडालेलं डोकं, जुने सरदार पळून गेल्यामुळे सैन्यात रिकाम्या पडलेल्या जागा, असं सगळं जुळून आलं तेव्हा एक नेपोलियन झाला. सेंट क्लेयोला तोच हवा असेल तर पेशी पुरायची नाही. शाळेला परिपत्रक काढून कळवावं लागेल, की या सत्रात एक राज्यक्रांती आयोजित केली असून तिची फी वेगळी आकारण्यात येईल.

मांजराचीसुद्धा हुबेहूब प्रत निघत नाही, तिथे सम्राटाचं काय घेऊन बसलात. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये पहिलं क्लोन मांजर जन्मलं. मूळ मांजरीचं नाव रेनबो. तिच्या अंगावर केशरी, काळे, पांढरे ठिपके. पिल्लाचं नाव सीसी, म्हणजे कार्बन कॉपी. आणि या कार्बन कॉपीच्या अंगावर केशरी रंगाचा ठिपकासुद्धा नाही. मादीच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात आणि त्यांतलं एक गप्प बसवलेलं असतं. ज्या पेशीवरून सीसी काढली तिच्यातलं केशरी रंग देणारं गप्प होतं. इतका साधा हिशेब. रेनबो जरा गुबगुबीत, सीसी सडपातळ. सीसीला याचं काही वाईट वाटल्याची नोंद नाही.

माणसाचे क्लोन होवोत न होवोत, सेंट क्लेयो उघडायचा एक प्रयत्न होऊन गेलेला आहे. कॅलिफोर्नियात १९८० साली रॉबर्ट ग्रॅहॅम नावाच्या लक्षाधीशाने नोबेल विजेत्यांच्या वीर्याची बँक काढली. न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या चष्म्यांवर त्याने पैसा केला होता. लोकांची नजर सुधारून झाली, आता वंश सुधारू, असं त्याला वाटलं. अडचण अशी की नोबेल मिळेपर्यंत माणूस म्हातारा झालेला असतो. ट्रान्झिस्टरवाल्या विल्यम शॉक्लीखेरीज उघडपणे कुणी पुढे आलं नाही. मग हळूच अटी सैल झाल्या. १९९९ मध्ये बँक बंद पडेपर्यंत तिथून दोनशेच्या वर मुलं जन्मली, आणि नोबेल विजेत्याचं मूल त्यांत एकही नव्हतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण कॅलिफोर्नियापर्यंत लागू पडते.

शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरी, असं आपल्याकडे म्हणतात, आणि म्हणताना आपल्या भित्रेपणावर बोट ठेवतात. मला वय वाढलं तसं त्या म्हणीत थोडा शहाणपणा दिसायला लागलाय. जिथे असा मुलगा जन्मतो त्या घरच्या आईची झोप उडते, आणि निदान आपल्या पोराच्या डोक्यावर तो मंदिल ठेवू नये एवढी दया तरी असं म्हणणाऱ्याच्या मनात असणार. आता दिवस फिरले. थोर माणूस शेजारी नको, आपल्याच घरात हवा, आणि तोही बारावीच्या आत. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत लहानसे टिळक रंगमंचावर येतात, उपरणं घसरतं, पगडी डोळ्यांवर येते, पहिल्या वाक्यानंतर दुसरं आठवत नाही आणि टिळक आईकडे बघून रडायला लागतात. घरी आल्यावर खोबरेल तेलाने काजळाच्या मिशा पुसल्या की पोरगं पुन्हा खेळायला मोकळं. सेंट क्लेयोत तेल मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि कधी कधी तर पेशीचीही गरज लागत नाही. मोझार्ट १७९१ च्या डिसेंबरात वारला तेव्हा त्याचा धाकटा मुलगा फ्रान्झ झेवर चार महिन्यांचा होता. बापाचा चेहरा आठवण्याचा प्रश्नच नव्हता. आईने त्याला संगीतात घातलं, वोल्फगांग म्हणूनच हाक मारायला सुरुवात केली, आणि मोझार्टशी ज्याचं वैर होतं अशी आवई पुढे उठली त्या सालिएरीकडेसुद्धा शिकवणीला बसवलं. मुलगा चांगला पियानोवादक झाला, संगीत रचायचा, युरोपभर कार्यक्रम करत हिंडला. जाहिरातीत नाव असायचं वोल्फगांग अमाडेउस मोझार्ट, पुढे बारीक अक्षरात: मुलगा. त्याच्या थडग्यावरच्या मजकुराचा आशय असा, की बापाचं नाव हाच याचा स्मृतिलेख समजावा. मेल्यावरसुद्धा स्वतःच्या दगडावर स्वतःचं काही लिहून घेता आलं नाही, असा हा सज्जन माणूस. मांगातला मोझार्ट मोठा तोरेबाज आहे. हे वाचल्यावर मला त्याचा राग येईनासा झाला.

कायद्याचं म्हणाल तर तो याबाबतीत कडक आहे. जपानने २००० सालीच कायदा केला; माणसाचा क्लोन जन्माला घालायचा उद्योग केला तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक कोटी येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडेही स्टेम सेलच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मनाई आहे. आपण जनावरांपाशीच थांबलो; कर्नालच्या संस्थेत म्हशीचं रेडकू काढलं. गरिमा तिचं नाव. म्हशीकडून अपेक्षा दुधाची असते आणि ती स्पष्ट शब्दांत सांगितलेली असते, त्यामुळे तिथे फारसं नैतिक काही उद्भवत नाही.

राहता राहिला हिटलर. सुएकानेबाईंनी हा मुलगा हळवा आणि बुजरा काढलाय, आणि तिथेच वाचकाला पेचात पकडलंय. इतर मुलांच्या डोक्यावर कीर्तीचं ओझं, याच्या डोक्यावर साठ लाख मुडद्यांचं, आणि याने तर अजून कुणाची पेन्सिलही चोरलेली नाही. हा विषय नवा नव्हे. आयरा लेविनच्या १९७६ च्या ‘द बॉइज फ्रॉम ब्राझील’ कादंबरीत हिटलरच्या चौऱ्याण्णव प्रती जगभर दत्तक दिलेल्या असतात. पण लेविनचा नाझी डॉक्टर मेंगेले सेंट क्लेयोच्या मास्तरांपेक्षा हुशार होता. नुसत्या पेशीने भागायचं नाही हे त्याला कळलं होतं. हिटलरचा बाप पासष्टीत मेला, म्हणून या प्रत्येक मुलाचा म्हातारा दत्तक बापही त्याच वयात मारायचा, असा त्याचा बेत.

हिटलर नावाचा गरीब स्वभावाचा मुलगा आपल्या मुलाशेजारी बाकावर बसतोय, दोघं डबा वाटून खातात, असं कळलं तर आपण काय करू? तोंडाने सगळेच सांगतील, मुलाचा काय दोष. आणि मग रात्री शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी अतिशय सभ्य भाषेत विचारील, की तुकडी बदलून मिळेल का.

चित्रकलेच्या तासाचा विचार तर मला फारच छळायला लागला. खऱ्या हिटलरला व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीने १९०७ मध्ये नापास केलं, १९०८ मध्ये पुन्हा नाकारलं. त्याला तेव्हा आत घेतलं असतं तर जग वाचलं असतं, असं म्हणणारे चहाच्या दर टेबलावर एक तरी असतातच. तर मांगात नसलेला एक प्रसंग मी भाचीला रंगवून सांगितला. सेंट क्लेयोचे ड्रॉइंग मास्तर. पुढे वह्यांचा गठ्ठा. वरची वही हिटलरची. मास्तरांच्या कपाळावर घाम. नापास केलं तर पुढे काय होईल ते इतिहासात छापलेलं आहे. पास केलं तर हिटलरला उत्तेजन दिलं म्हणून चौकशी लागेल. मुख्याध्यापकांना विचारावं तर ते म्हणतील, तुमच्या विषयात मी कसा पडू. शेवटी मास्तर डोळे मिटून दहापैकी दहा देतात, वर ‘उत्तम’ असा शेरा मारतात, वही गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतात आणि पाणी पितात.

भाची हसली. मग मांगाचा पुढचा खंड उघडता उघडता म्हणाली, “पण मामा, चित्र कसं होतं?”